इबोलाची साथ आणि शेवटची आंघोळ

श्रोतेहो, आज ज्या रोगाविषयी बोलायचे आहे तो आपल्या गावांत आलेला नाही, आणि तो उद्या येईल अशी भीती घालायला मी इथे बसलेलो नाही. इबोला हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. आफ्रिका खंडाच्या मध्य आणि पश्चिम भागातला हा रोग. मग आपण तो कशासाठी समजून घ्यायचा? एवढ्यासाठी की, या रोगावर लस निघण्याच्या कितीतरी आधी त्याच्या साथी थांबवल्या गेल्या होत्या, आणि त्या थांबवण्यात डॉक्टरांइतकाच वाटा साध्या गावकऱ्यांचा, घरातल्या बायकांचा, मौलवी-पाद्र्यांचा आणि शिक्षकांचा होता. उलट काही ठिकाणी चांगल्या हेतूने काढलेल्या हुकमांनी ती साथ वाढायला मदत केली. हे दोन्ही कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

सुरुवात एका शाळेपासून करू. मध्य आफ्रिकेत काँगो नावाचा मोठा देश आहे. त्या काळी त्याला झाईर म्हणत. त्याच्या उत्तर भागात यांबुकू नावाचे खेडे आहे. १९७६ च्या ऑगस्ट महिन्यात तिथल्या शाळेचे मुख्याध्यापक तापाने आजारी पडले. हिवतापाचा मुलूख, म्हणून मिशनच्या दवाखान्यात त्यांना हिवतापाचे इंजेक्शन दिले गेले. ताप उतरला, पुन्हा चढला, आणि सप्टेंबरच्या ८ तारखेला ते वारले. रीतीप्रमाणे घरच्या बायकांनी त्यांच्या देहाला आंघोळ घातली, तो पुसला, सजवला. पुढच्या काही दिवसांत या शुश्रूषा करणाऱ्यांपैकी आणि आप्तांपैकी कित्येकजण त्याच तापाने गेले.

दवाखान्यात दुसराच प्रकार चालू होता. तिथे रोज सकाळी पाच सुया काढल्या जात आणि दिवसभर शेकडो रोग्यांना त्याच टोचल्या जात. दोन रोग्यांच्या मध्ये कोमट पाण्यात खळबळून घेतल्या, की झाले. त्या मिशनमधल्या जोगिणी मायाळू होत्या, कष्टाळू होत्या. पण सुई उकळली जात नव्हती. त्या एका साथीत ३१८ माणसांना लागण झाली आणि २८० दगावली. दवाखान्याच्या सतरा नोकरांपैकी अकरा गेले. दवाखाना बंद पडला तेव्हा साथ ओसरू लागली. याच सुमारास शेजारच्या सुदानमध्येही अशीच एक साथ चालू होती.

रोग नवा होता, त्याला नाव हवे होते. शोध घ्यायला आलेल्या शास्त्रज्ञांनी विचार केला की, खेड्याचे नाव रोगाला दिले तर ते खेडे जन्माचे बदनाम होईल. म्हणून त्यांनी थोड्या दूरवरून वाहणाऱ्या नदीचे नाव घेतले. ती इबोला नदी. आपल्या मराठीत ‘नाव ठेवणे’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. या शास्त्रज्ञांना मराठी येत नव्हते, पण त्यांनी दोन्ही अर्थ ओळखले होते असे म्हणायला हरकत नाही.

आता हा रोग पसरतो कसा, ते नीट ध्यानात घ्या. २०२० च्या कोरोनाची आठवण आपल्याला ताजी आहे, म्हणून पहिल्यांदा त्याच्याशी गल्लत करू नका. कोरोना हवेतून, श्वासातून पसरे, आणि अंगात काही लक्षण नसतानाही माणूस तो दुसऱ्याला देई. इबोलाचे तसे नाही. रोग्याचे रक्त, उलटी, जुलाब, घाम, लाळ असे शरीरातले काही द्रव दुसऱ्याच्या जखमेला, तोंडाला, डोळ्याला लागले, तर रोग जातो. माणूस आजारी दिसू लागेपर्यंत तो कोणालाही रोग देत नाही. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त एकवीस दिवस जातात. हा एकवीसचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लक्षणे काय? आधी ताप, अंगदुखी, डोकेदुखी, घसा धरणे, गळून जाणे. मग उलट्या आणि जुलाब. रोग्याच्या अंगातून रक्ताच्या धारा लागतात असे सिनेमात दाखवतात; प्रत्यक्षात बऱ्याच रोग्यांना रक्तस्राव होतच नाही. म्हणजे सुरुवातीला हा रोग हिवतापासारखा, विषमज्वरासारखाच दिसतो, आणि तिथेच फसगत होते. सरासरीने पाहिले तर लागण झालेल्यांपैकी निम्मे दगावतात. एखाद्या साथीत चौथा हिस्सा, तर एखाद्या साथीत दहातले नऊसुद्धा.

आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, माणूस मेला म्हणजे रोग मरत नाही. मृत्यूच्या वेळी देहात विषाणूंची संख्या अतिशय वाढलेली असते. अशा वेळी त्या देहाला मिठी मारणे, त्याला आंघोळ घालणे, त्याचे तोंड पुसणे ही या रोगात सगळ्यांत धोक्याची कामे आहेत.

ज्या माणसाने जन्मभर आपल्याला सांभाळले त्याला शेवटची आंघोळ घालायची नाही, असे कोणी परका येऊन सांगू लागला तर आपण काय म्हणू? २०२० आणि २०२१ साली आपल्याकडे किती घरांत शेवटचे तोंडही पाहायला मिळाले नाही, ते मी वेगळे सांगायला नको. तेव्हा ज्या आफ्रिकी बायकांनी ‘नाही, मी आंघोळ घालणारच’ असे म्हटले त्यांना अडाणी म्हणून मोकळे होऊ नका. त्यांच्या समजुतीप्रमाणे न्हाऊमाखू न घातलेला मृत पितरांच्या गावी पोचत नाही, भटकत राहतो आणि घराला त्रास देतो. ती माय रोगाला घाबरत नव्हती असे नाही. तिला रोगापेक्षा मोठे भय दुसरे होते.

आता २०१४ सालाकडे येऊ. पश्चिम आफ्रिकेत गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन हे तीन लहान देश एकमेकांना लागून आहेत. गिनीच्या जंगली भागात मेलिआंदू नावाच्या खेड्यात २०१३ च्या डिसेंबरात एक तान्हे मूल दगावले. तिथून साथ सुरू झाली, असे मागाहून उलगडले. वटवाघळांच्या अंगी हा विषाणू राहत असावा असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मूल गेले, मग त्याची बहीण, आई, आजी. मग मर्तिकाला आलेले पाहुणे आपापल्या गावी परतले. रोगाचे नाव कळायला मार्च महिना उजाडला, आणि तोवर तो सरहद्दी ओलांडून गेला होता. दोन वर्षांत या तीन देशांत मिळून २८,६०० च्या वर माणसांना लागण झाली आणि ११,३०० च्या वर मेली. त्यांत डॉक्टर, परिचारिका आणि दवाखान्यांतले नोकरच पाचशेच्या वर होते. सिएरा लिओनमध्ये सरहद्दीजवळच्या एका गावी एक नामांकित वैदू बाई होती. रोग्यांवर उपचार करता करता तीच गेली. तिच्या मर्तिकाला दूरदूरची माणसे जमली. त्या एका मर्तिकापासून निघालेली साखळी पुढे ३६५ मृत्यूंपर्यंत पोचली, असा हिशेब नंतर लागला. गिनीतली जवळजवळ साठ टक्के लागण मर्तिकांशी निगडित होती, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ च्या ऑगस्टात सांगितले.

सरकारांनी काय केले? पहिल्यांदा भित्तिपत्रके लावली, आकाशवाणीवरून पुकारा केला: ‘इबोला मारतो. इबोलाला औषध नाही.’ हेतू हा की लोकांनी सावध व्हावे. लोकांनी ते ऐकले आणि अगदी सरळ हिशेब केला. औषध नाही ना? मग दवाखान्यात कशाला जायचे? मरायचेच तर घरी मरू, आपल्या माणसांत मरू. या हिशेबात चूक कुठे आहे ते मला दाखवा! चूक सांगणाऱ्याची होती. कारण औषध नसले तरी उपाय होता. रोग्याला लवकर आणले, पाणी आणि क्षार भरपूर दिले, शुश्रूषा नीट ठेवली तर जगण्याची आशा वाढते. आणि तो दवाखान्यात आला तर घरची दहा माणसे वाचतात. हे वाक्य भित्तिपत्रकावर यायला कित्येक महिने लागले.

मग बळाचा मार्ग. लायबेरियाची राजधानी मॉनरोव्हिया. तिथे समुद्रकाठी वेस्ट पॉइंट म्हणून गरिबांची दाट वस्ती आहे. तिथल्या एका शाळेच्या इमारतीत, वस्तीतल्या लोकांना न विचारता, सरकारने बाहेरचे रोगी आणून ठेवले. लोक चिडले, शाळेवर चालून गेले, रोगी पळाले, अंथरुणे लुटली गेली. चार दिवसांनी, २० ऑगस्ट २०१४ रोजी, सरकारने सैन्य लावून सगळी वस्तीच तारांनी वेढली. हजारो माणसे आत. तांदूळ महागला, पाणी महागले. दंगल झाली, गोळी सुटली आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा मेला. त्याला इबोला नव्हता. दहा दिवसांनी वेढा उठवावा लागला. गिनीत तर याहून भयंकर घडले. वोमे गावी आरोग्याची माहिती सांगायला गेलेल्या तुकडीतल्या आठजणांना गावकऱ्यांनी ठार मारले. हे लोकच रोग घेऊन येतात, अशी आवई उठली होती.

हे ऐकून आपल्याला आपलेच काही आठवत नाही का? १८९७ साली पुण्यात प्लेग होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला. गोरे शिपाई घरांत शिरले, देवघर म्हटले नाही, माजघर म्हटले नाही. बायाबापड्यांना रस्त्यावर उभे करून तपासले. परिणाम काय झाला? लोक आजारी माणूस लपवू लागले. शेवटी २२ जूनच्या रात्री रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, तो इतिहास आपण शाळेत शिकवतो. त्याच साथीत त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या, दवाखान्यात रोगी पोचवण्याचे काम केले, आणि त्या कामात लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एक, शहर एक. एकाच्या हाती कायदा होता. दुसरीच्या हवाली लोक आपली आजारी पोरे करीत होते.

पुन्हा लायबेरियाकडे जाऊ. २०१४ च्या ऑगस्टात तिथल्या सरकारने हुकूम काढला की राजधानीतली सगळी प्रेते जाळायची. शास्त्राच्या दृष्टीने हुकूम बरोबर. पुरायला जागा नव्हती, पावसाळा होता, जमिनीत पाणी लागत होते. पण लायबेरियातले लोक मृताला पुरतात; जाळणे त्यांना विटंबनेसारखे वाटते. गंमत अशी, की त्या शहराबाहेर दहनाची सोय होती ती तिथल्या भारतीय व्यापारी समाजाने आपल्या मयतांसाठी बांधलेली! तीच सरकारने वापरायला घेतली. आपल्यातल्या बहुतेकांना जे पवित्र, ते त्यांना असह्य. आपल्याकडे कोणी उद्या हुकूम काढला की यापुढे सर्वांनी पुरायचे, तर जे आपल्याला वाटेल ते त्यांना वाटले.

आणखी एक गोष्ट होती. लायबेरियात दर वर्षी मार्चमधला दुसरा बुधवार हा पितरांचा दिवस असतो. आपल्या सर्वपित्रीसारखाच म्हणा. त्या दिवशी घरोघरची माणसे थडग्यांवर जातात, गवत काढतात, चुना-रंग लावतात, फुले वाहतात. ज्याला जाळले त्याचे थडगे कुठे? त्या दिवशी जायचे कुठे? या एका प्रश्नापायी लोक मृत्यू लपवू लागले. रात्री गुपचूप पुरायचे, आणि पुरण्यापूर्वी अर्थातच आंघोळ घालायची. साथ थांबवण्यासाठी काढलेल्या हुकमाने साथीला आडवाट करून दिली.

डिसेंबरात सरकार शहाणे झाले. राजधानीपासून काही अंतरावर डिस्को हिल नावाच्या जागी पन्नास एकर जमीन घेतली, तिथे सुरक्षितपणे पुरण्याची सोय केली, प्रत्येक थडग्यावर नाव लावले. जाळलेल्यांची राखही पुढे तिथेच आणली. मार्च आला तेव्हा लोकांना जायला जागा होती.

त्याच सुमारास, म्हणजे २०१४ च्या नोव्हेंबरात, जागतिक आरोग्य संघटनेने मर्तिकाचे नवे नियम तयार केले. ते तयार करताना मौलवी, पाद्री आणि समाजशास्त्र जाणणारी माणसे बरोबर घेतली होती. या नियमांचे नाव ‘सुरक्षित आणि सन्मानाचे दफन’ असे आहे. ‘सन्मानाचे’ हा शब्द त्यात मागाहून चिकटवलेला नाही, सगळा कारभार त्यावर उभा आहे. ते कसे करतात ते जरा सविस्तर सांगतो.

पूर्वी काय होई? गाडी येई, तिच्यातून पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली, डोळ्यांवर चष्मे चढवलेली माणसे उतरत, एक शब्द न बोलता प्रेत पिशवीत घालून घेऊन जात. पोरे किंकाळ्या फोडीत. नव्या नियमांप्रमाणे तुकडी साध्या कपड्यांत येते. आधी घरच्यांना भेटते, दुःखात सहभागी होते, मृताचे नाव विचारते, घरचा कर्ता कोण ते विचारते. मर्तिक कोणत्या धर्माने करायचे, काय काय हवे, ते ऐकून घेते. मग सर्वांच्या समोर ते संरक्षक कपडे चढवतात, म्हणजे आत माणूसच आहे हे दिसते. देहाला आंघोळ घालता येत नाही. पण मुसलमान असेल तर पाण्यावाचून करायचे शुद्धीकरण पिशवीवरूनच करतात, त्याला त्यांच्या धर्मात मुभा आहे. ख्रिस्ती असेल तर प्रार्थना होते. पांढरे कफन हवे तर तेही घालतात. मृताची आवडती वस्तू बरोबर ठेवायची असेल तर ठेवू देतात. खड्डा घरच्यांनी खणावा, माती घरच्यांनी लोटावी, आणि थडग्यावर नाव लिहावे. घरचा एकजण सुरक्षित अंतरावरून सारे पाहत उभा असतो; मृताच्या देहाचे काही वाईट केले नाही याची साक्ष त्याने गावाला द्यायची.

शिक्षक बंधुभगिनींनो, यातली मेख लक्षात आली का? आंघोळ काढून घेतली, पण तिच्या जागी काहीतरी दिले. नुसते ‘नका’ म्हणणे फार सोपे असते. त्याऐवजी काय करायचे, ते शोधायला डोके लागते, आणि ते डोके पुष्कळदा त्या गावातच असते. गिनीत एका गावी गरोदर बाई इबोलाने गेली. तिथली चाल अशी की पोटातले मूल वेगळे केल्यावाचून तिला पुरायचे नाही. नाहीतर सृष्टीचा क्रम मोडतो. आणि ते करणे म्हणजे करणाऱ्याचे मरण. डॉक्टर हटून बसले, गाव हटून बसले. तेव्हा तिथे काम करणाऱ्या एका समाजशास्त्रज्ञ बाईने गावातल्या जुन्या जाणत्यांना विचारले, ‘चाल मोडली तर तिच्यावर प्रायश्चित्त काही आहे का?’ होते! एक विधी होता. त्याचे सामान आणले, खर्च आरोग्य संघटनेने सोसला, विधी झाला, आणि बाईला तशीच सुरक्षितपणे पुरले. प्रायश्चित्ताची सोय आपल्या धर्मशास्त्रातही पाने भरभरून आहे. आपण ती विसरलो आहोत एवढेच.

गावाकडे शहाणपण असते असे मी म्हटले ते गोड बोलण्यासाठी नाही. २००० साली युगांडात गुलू भागात इबोलाची साथ आली; ४२५ जणांना लागण झाली, २२४ गेले. तिथल्या अचोली लोकांचे साथीसाठी वडिलोपार्जित नियम निघाले. रोग्याला वस्तीपासून शंभर पावलांहून दूर वेगळ्या झोपडीत ठेवायचे. जो त्या रोगातून उठला आहे त्यानेच त्याची सेवा करायची. झोपडीच्या दाराशी दोन्ही बाजूंना उंच गवताचे दांडे रोवायचे, म्हणजे येणाऱ्याला खूण पटते. एका गावातून दुसऱ्या गावी जायचे नाही, परक्या घरचे खायचे नाही, नाचगाणे बंद. रोगी बरा झाला तरी एक पूर्ण चांद्रमास त्याने वेगळेच राहायचे. मेला तर गावाच्या कडेला पुरायचे. आता यात आणि दवाखान्यातल्या नियमांत फरक कितीसा? आपल्याकडेही प्लेगच्या दिवसांत उंदीर पडू लागले की गाव सोडून माणसे रानात झोपड्या घालून राहत; म्हाताऱ्यांकडून आपण ते ऐकले असेल. रोगजंतू ठाऊक नव्हता, पण काय केल्याने माणसे जगतात ते ठाऊक होते.

आता दुसरे काम, म्हणजे माणसे मोजण्याचे. नायजेरिया हा वीस कोटींच्या वर वस्तीचा देश. २० जुलै २०१४ रोजी लायबेरियाहून एक आजारी प्रवासी विमानाने लागोस शहरात उतरला. लागोस म्हणजे मुंबईसारखेच माणसांचे मोहोळ. खासगी इस्पितळात डॉक्टर अमेयो अडाडेवोह या बाईंना दोन दिवसांत संशय आला. ‘याला सोडा’ म्हणून वरून दडपण आले; त्यांनी सोडले नाही. प्रवासी गेला. लागण होऊन ऑगस्टच्या १९ तारखेला डॉक्टरीणबाईही गेल्या. पण तो जर बाहेर पडून गर्दीत मिसळता तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. मग सुरू झाला शोध. रोग्यांच्या संपर्कात आलेली ८९४ माणसे एकेक करून हुडकली. प्रत्येकाच्या घरी जाऊन एकवीस दिवस रोज ताप पाहायचा. अशा सुमारे १८,५०० भेटी झाल्या. ज्याला ताप आला त्याला लगेच वेगळे केले. पोलिओच्या मोहिमेसाठी जी माणसे तयार केली होती तीच या कामी लागली. एकूण रोगी वीस, मृत्यू आठ. आणि २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. शेवटचा रोगी निर्धोक ठरल्यापासून एकवीसची दुप्पट म्हणजे बेचाळीस दिवस नवा रोगी निघाला नाही, की साथ संपली असे धरतात.

या कामात सगळे अवलंबून असते ते एका प्रश्नाच्या उत्तरावर: ‘तुम्ही कोणाकोणाला भेटलात?’ खरे उत्तर कोण देईल? ज्याला खात्री आहे की नाव सांगितल्याने त्या माणसाचे भले होणार आहे, तोच देईल. नाव सांगितले आणि दारात शिपाई उभा राहिला, तर दुसऱ्या वेळी उत्तर मिळत नाही.

लसीविषयी थोडक्यात. २०१५ साली गिनीत एका लशीची परीक्षा घेतली. रोगी सापडला की त्याच्याभोवतीच्या माणसांना, आणि त्यांच्या भोवतीच्या माणसांना टोचायचे. जणू वणव्याभोवती जाळपट्टा काढावा तसे. देवीचा रोग आपल्या देशातून १९७५ साली गेला तो याच पद्धतीने. लस चांगली निघाली. काँगोतल्या २०१८ ते २०२० च्या साथीत ती तीन लाखांहून अधिक लोकांना टोचली, आणि त्याच साथीत दोन गुणकारी औषधेही हाती आली. त्यांतले एक, १९९५ च्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तावरून तयार झाले आहे. त्यामागे डॉक्टर मुयेंबे यांचे परिश्रम आहेत. १९७६ साली यांबुकूला पहिल्यांदा पोचून उघड्या हातांनी रोग्यांचे रक्त काढणारे तरुण डॉक्टर ते हेच. मात्र ही लस आणि औषधे झाईर जातीच्या इबोलासाठी आहेत. सुदान जातीवर ती चालत नाहीत. आणि लस असूनही काँगोतल्या त्या साथीत २,२०० च्या वर माणसे गेली, कारण त्या भागात लढाई चालू होती आणि लोकांचा सरकारवर भरवसा नव्हता.

आपल्या देशाचे म्हणाल तर, २०१४ च्या नोव्हेंबरात लायबेरियाहून बरा होऊन आलेला एक तरुण दिल्लीच्या विमानतळावर थांबवून ठेवला होता. त्याच्या रक्तात काही नव्हते, पण वीर्यात विषाणूचा अंश निघाला. बरे झालेल्या पुरुषांच्या वीर्यात तो कित्येक महिने राहू शकतो. म्हणून त्यांना तपासणी होईपर्यंत जपायला सांगतात. बाकी तो माणूस बोलण्याने, शेजारी बसण्याने, हात मिळवण्याने कोणाला रोग देत नाही. पश्चिम आफ्रिकेत मात्र बरे झालेल्यांना घरमालकांनी घरे सोडायला लावली, बाजारात त्यांच्याकडून कोणी भाजी घेईना. ज्यांच्या अंगी आता रोगाशी झगडण्याची शक्ती आली होती, आणि अचोली लोक ज्यांना सेवेसाठी सर्वांत योग्य समजत, त्यांनाच दूर लोटले.

साबणाचे तेवढे सांगून टाकतो. या विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ वेष्टण असते. खरकट्या भांड्याचा तुपकटपणा जसा साबणाने निघतो तसे ते वेष्टण साबणाने फाटते आणि विषाणू निकामी होतो. साथीच्या दिवसांत त्या तिन्ही देशांत प्रत्येक शाळेच्या, दुकानाच्या, मशिदीच्या दाराशी तोटी बसवलेली बादली असे, आणि आत जाणारा प्रत्येकजण तिथे हात धुई.

शाळांचे काय झाले, हे शिक्षकांना कळायला हवे. सिएरा लिओनच्या शाळा २०१४ च्या उन्हाळी सुट्टीनंतर उघडल्याच नाहीत. ऑक्टोबरात तिथल्या सरकारने आकाशवाणीवरून धडे सुरू केले. गुरुजी ध्वनिक्षेपकापुढे बसून गणित शिकवीत आणि मुले घरी पाटी घेऊन बसत. अर्थात ज्यांच्या घरी रेडिओ होता, आणि रेडिओत घालायला मसाला होता, तीच बसत. शाळा पुन्हा उघडल्या त्या १४ एप्रिल २०१५ रोजी. दाराशी बादली आणि ताप मोजायचे यंत्र घेऊन मास्तर उभे होते. वर्गांत काही मुले नव्हती. काही गेली होती, काही आईबापांवाचून दुसऱ्या गावी नातलगांकडे राहत होती. आणि बऱ्याच मुली त्या लांबलेल्या काळात गरोदर राहिल्या होत्या. त्यांना सरकारने नेहमीच्या वर्गात बसायला मनाई केली. साथ गेली, पण ही मनाई पुढे पाच वर्षे चालली. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांच्या सामाईक न्यायालयाने २०१९ च्या डिसेंबरात ती बेकायदा ठरवली, आणि २०२० च्या मार्चमध्ये त्या मुलींना शाळेचे दार उघडे झाले.